नेबथ कीपिंगचं अपील

टिलर्स कोव्ह या आमच्या मासेमाऱ्यांच्या गावात दारावर टकटक कुणी करत नाही. शेजाऱ्याकडे जायचं तर कडी उचलायची, बुटांवरचा बर्फ उंबऱ्याशी आपटून झाडायचा आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन चुलीजवळच्या बाकावर बसायचं. चहा येतोच. टकटक करतो तो एक तर सरकारी माणूस असतो, नाहीतर नाताळातलं सोंग. सरकारी माणूस लगेच ओळखू येतो. दार उघडेपर्यंत तो खरोखरच बाहेर उभा राहतो.

सोंगांचे दिवस बारा, नाताळापासून सहा जानेवारीपर्यंत. या दिवसांत आमच्याकडची जाणती, दाढीमिशा पिकलेली माणसं संध्याकाळची जेवणं उरकून बायकोचा झगा चढवतात, बायका नवऱ्याची तेलकट विजार घालतात, कुणी पाठीला उशी बांधून कुबड काढतं. तोंडावर उशीचा अभ्रा किंवा खिडकीच्या जाळीच्या पडद्याचा तुकडा. बोलायचं ते श्वास आत ओढत, म्हणजे आवाज कळत नाही. घरातल्यांनी एकेक नाव घेऊन बघायचं. चुकलं तर सोंग मान हलवून नाही म्हणतं. बरोबर आलं की तोंडावरचं फडकं काढावंच लागतं, आणि मग केकचा तुकडा आणि रमचा घोट. गावाची वस्ती त्या वेळी त्रेसष्ट. त्रेसष्ट माणसांत सोंग ओळखायला अक्कल लागत नाही, न ओळखायला लागते. झगे बदलतात, विजारी बदलतात, पण बुटांचा जोड प्रत्येकाकडे एकच. मी तर लहानपणापासून सोंगांच्या तोंडाकडे बघतच नाही, खाली बघतो.

नेबथ कीपिंग माझ्या शेजारच्या घरात राहायचा. होड्या बांधायचा. पन्नाशी उलटलेला, लग्न न केलेला, हाडापेरानं एवढा मोठा की आमच्या चर्चच्या बाकावर बसला की बाक आधी एकदा बोलायचा. तो स्वतः मात्र फारसं बोलत नसे. होडीची फळी वाकवताना तिच्याशीच काय ते पुटपुटायचा, "ये गं, ये, अजून थोडी," आणि फळी यायची. पेन्सिल कानामागे ठेवून तासभर शोधायचा. मी गावचा पोस्टमास्तर, त्यामुळे पेन्सिल कुठे आहे हे त्याला सांगणं हे माझ्या सरकारी कामातच धरलेलं होतं.

त्याचा धाकटा भाऊ सिमिअन. दोघं एकाच होडीतून कॉड मासे मारायला जायचे. आमच्या किनाऱ्याला थंडीतही समुद्र गोठत नाही, म्हणून फेब्रुवारीतही लोक बाहेर पडतात. अशाच एका फेब्रुवारीत एका सकाळी नेबथची दाढ ठणकत होती. गालाला लोकरी मोजा बांधून तो धक्क्यावर बसला होता. सिमिअननं होडीतून विचारलं, "येतोस का रे?" नेबथनं गाल धरून नाही म्हटलं. मग सिमिअननं मान डोलावली. त्याची एक लकब होती: हनुवटी जराशी डावीकडे नेऊन, खांद्याला काही सांगितल्यासारखी तो मान डोलवायचा. "बरं, असू दे," एवढा त्या मानेचा अर्थ. दुपारी वारा फिरला. होडी तिसऱ्या दिवशी खडकांत उलटी सापडली. नेबथनंच बांधलेली, एक फळीसुद्धा निसटली नव्हती. सिमिअन सापडला नाही.

मागे त्याची बायको ट्रिफीना राहिली. पाच वर्षं तिनं त्याचे कपडे पेटीत ठेवले.

त्यानंतरचा पाचवा नाताळ. अठ्ठावीस डिसेंबर, संध्याकाळचे सात-साडेसात. नेबथच्या स्वयंपाकघरात आम्ही पत्ते खेळत होतो आणि मी हरत होतो, म्हणजे सगळं नेहमीसारखंच होतं. दारावर टकटक झाली. चार सोंगं आत आली. तिघं मधोमध येऊन नाचू लागली. चौथं दाराशीच उभं राहिलं. त्याच्या अंगात करडा लोकरी स्वेटर होता, डाव्या कोपराला हिरव्या लोकरीचं ठिगळ. ते ठिगळ नेबथच्या आईनं लावलेलं होतं, गावातल्या कुणालाही विचारा. नाचणारी तिघंही हळूहळू थांबली.

नेबथ उठला. मी त्याला तसा आवाज काढताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाला, "सिमिअन?"

त्यावर त्या सोंगानं काय केलं ते मी पाहिलं नाही. चुकीच्या ठिकाणी बघण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. मी नेबथच्या तोंडाकडे बघत होतो. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं, हात वर गेला, आणि ते सोंग दारावर आपटून खाली बसलं. अभ्रे काढले, एकाखाली एक असे दोन होते, तर खाली गार्लंड रोझ. जबडा मोडलेला.

गार्लंड ट्रिफीनाशी लग्न करणार होता, ईस्टर झाल्यावर. पेटी आता रिकामी करायला हवी म्हणून तिनं त्याला स्वेटर दिला होता, आणि त्या शहाण्यानं तो सोंगाला वापरला. वाईट मनानं नव्हे. गार्लंडच्या मनात वाईट टिकायचंच नाही, कारण तो एका जागी फार वेळ विचार करत नसे. थापा मात्र अखंड मारायचा. त्यानं पकडलेला मासा वर्षभरात दोन फूट वाढायचा. हवामान विचारलं तरी उगाच खोटं सांगायचा. फक्त बायबलला घाबरायचा. ज्या फळीवर बायबल ठेवलेलं असे त्या फळीवर तो चहाचा कप ठेवत नसे, आणि चर्चमध्ये स्तोत्रातल्या ज्या ओळीबद्दल खात्री नसेल ती ओठ मिटून सोडून द्यायचा.

गावात या प्रकरणाची तक्रार कुणी केलीच नसती. पण दवाखाना होडीनं चार तासांवर, तिथल्या नर्सनं जबडा तारेनं बांधला आणि पोलिसाला कळवलं. पोलीस नवा होता. त्यानं गार्लंडला विचारलं, तक्रार आहे का? गार्लंडला "जाऊ दे हो" म्हणायचं होतं, पण बांधलेल्या जबड्यातून जे काही बाहेर आलं ते पोलिसानं "असह्य वेदना" असं लिहून घेतलं.

फेब्रुवारीत मॅजिस्ट्रेट बोटीनं आले. कोर्ट शाळेच्या खोलीत भरलं. नेबथला पहिलीच्या बाकावर बसवलं होतं, गुडघे हनुवटीला लागलेले. गार्लंडला बोलता येत नव्हतं म्हणून मॅजिस्ट्रेट म्हणाले, "मानेनं उत्तर दिलं तरी चालेल."

"याच माणसानं तुम्हाला मारलं?"

गार्लंडनं मान डोलावली. सरळ खाली, सरळ वर, विहिरीच्या हातपंपासारखी.

"तुम्ही त्याला हात लावला नव्हता?"

पुन्हा पंप. नेबथ त्याच्याकडे बघत होता, म्हणजे जीव डोळ्यांत आणून बघत होता. मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

नेबथ म्हणाला, "त्याला पुन्हा एकदा मान डोलवायला सांगा."

आता कोर्टात या वाक्याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच बघा. मॅजिस्ट्रेटांना वाटलं हा जखमी माणसाची थट्टा करतोय. टेबलावरच्या कागदावर ते पन्नासचा आकडा लिहीत होते. तो खोडला आणि पंचाहत्तर लिहिले. पंचाहत्तर डॉलर दंड, न भरल्यास तीस दिवस तुरुंग. सगळा कारभार अकरा मिनिटांत आटोपला. नेबथनं दंड तिथल्या तिथे भरला.

गाव पेटलं. एरवी बटाट्याच्या वाफ्यावरून वर्षभर न बोलणारी माणसं दंडावरून एक झाली. दुकानवाल्या युनिसकाकूंनी कायदा हातातच घेतला.

"पंचाहत्तर! पलीकडच्या गावात मागच्या साली एकानं वल्हं घालून नाक फोडलं, त्याला वीस. नाक कुठे असतं? समोर. जबडा कुठे असतो? खाली. मग खालचं महाग कसं?"

"काकू, जबड्यानं खातात," कुणीतरी म्हणालं.

"गार्लंड जबड्यानं खातो कमी आणि फेकतो जास्त. तो दोन महिने बंद राहिला याचे उलट गावानं पैसे द्यायला हवेत! आणि ते पंचवीस वरचे कसले? पन्नास जबड्याचे, पंचवीस मानेचे? अपील करा म्हणावं नेबथला."

काकूंनी ते पोस्टात सांगितलं, म्हणजे सगळ्या गावाला सांगितलं. दोन दिवसांनी नेबथ माझ्याकडे आला. गावात टाइपरायटर एकच होता, तो माझ्याकडे. पेन्सिल त्याच्या कानामागे होती. मी काही बोललो नाही.

"एली, अपिलाचा कागद कर."

"करतो की. यात दोन रकाने आहेत बघ. नुसता दंड जास्त वाटतो तर एक, आणि गुन्हाच मान्य नाही तर दुसरा. दंडावर खूण करू? सोपं जाईल. जज कागद वाचून कमी करतील."

"आणि दुसऱ्यावर केली तर?"

"मग सगळं पहिल्यापासून पुन्हा ऐकतात. साक्षीदार बोलावतात, बायबलवर हात ठेवायला लावतात. मोठ्या गावी जावं लागेल. आणि दंड वाढूही शकतो, सांगून ठेवतो."

"वाढू दे. गार्लंडला बोलावतील?"

"त्याच्याशिवाय कसं होईल?"

"दुसऱ्यावर कर."

मी टाइपरायटरवरचा हात काढला. "नेबथ, तू मारलंस ना त्याला? आम्ही सगळे तिथे होतो."

तो जे बोलला ते खाली बघून, फळीशी बोलावं तसं.

"मी नाव घेतलं, तेव्हा त्यानं मान डोलावली, एली. अशी." त्यानं हनुवटी जराशी डावीकडे नेली. पाच वर्षांत ती मान मी पाहिली नव्हती. "कोर्टात गार्लंडची मान पाहिलीस तू? ती ही नव्हे. मला एवढंच पाहिजे, त्यानं डोलावली की नाही. मस्करी म्हणून डोलावली असेल तर मी गार्लंडला मारलं. पंचाहत्तर काय, शंभर देतो, हक्काचे आहेत त्याचे. पण त्यानं डोलावलीच नसेल..."

"नसेल तर?"

"तर पाच वर्षांनी माझा भाऊ घरी आला आणि मी त्याला ठोसा मारला. त्याचे पंचाहत्तर फार थोडे होतात."

बाहेर चक्क ऊन पडलं होतं. मी उठून दिवा लावला.

"अरे, मग विचार ना त्याला. समोरच तर राहतो."

"गार्लंड साधं बोलताना खरं सांगेल? तो मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगेल. बायबलवर हात असला की नाही सांगणार."

मी दुसऱ्या रकान्यावर खूण केली.

मेमध्ये तारीख लागली. मोठ्या गावाला जायला किनाऱ्याची बोट, सकाळी निघाली की संध्याकाळी पोचते, आणि आठवड्याला एकच. त्यामुळे आरोपी, फिर्यादी, साक्षीदार आणि फिर्यादीची नवी बायको, सगळे एकाच बाकावर. ट्रिफीनानं पाव, खारं मांस आणि वाटाण्याचं घट्ट वरण बांधून आणलं होतं, दोन्ही पक्षांना पुरेल एवढं. गार्लंडची तार निघाली होती, पण कडक चावता येत नव्हतं. नेबथ खिशातला चाकू काढून पावाच्या कडा कापत बसला. मऊ भाग चहात बुडवून गार्लंडला द्यायचा, कडा स्वतः खायचा. गार्लंड प्रत्येक तुकड्याला "उपकार झाले, स्कीपर" म्हणायचा, आमच्याकडे वडीलधाऱ्याला स्कीपरच म्हणतात. शेजारी बसलेला एक परका प्रवासी मला म्हणाला, "बापलेक का?" मी म्हटलं, "नाही, खटला आहे."

दुपारी गार्लंड माझ्यामागोमाग डेकवर आला. आता यापुढचं सांगायला मला अजून जड जातं. मला बोलायचं कारण नव्हतं. पण पोस्टमास्तराच्या पोटात दुसऱ्याचं काही फार वेळ राहिलं की ते पोहोचतं करायची सवय असते. नेबथ काय विचारणार आहे आणि का विचारणार आहे, ते मी त्याला सांगितलं.

गार्लंडनं कठडा धरला.

"मास्तर, दोन अभ्रे होते माझ्या डोक्यावर. खाली कानटोपी. कुणी काय म्हटलं ते मला ऐकूच आलं नाही. मी काही हलवलं नाही हो. मी उभा होतो, वाट बघत होतो कुणीतरी नाव घेईल म्हणून, आणि एकदम ठोसा आला."

"मग तसंच सांग."

"तसंच सांगायचं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "तो झोपतो का हो रात्री?"

"दिवा जळत असतो त्याच्याकडे."

गार्लंड गप्प बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, तेही जबडा मोकळा असताना.

दुसऱ्या दिवशी कोर्ट. जजसाहेबांना सर्दी झाली होती, हातरुमाल कागदपत्रांवर ठेवलेला. वकील आमच्याकडे नव्हता. आधी पोलीस बोलला, नंतर मी. मी काय पाहिलं ते सांगितलं, म्हणजे काहीच पाहिलं नाही हे सांगितलं. मग गार्लंड. कारकुनानं बायबल पुढे केलं. शपथ झाली, कारकून पुस्तक परत घ्यायला वाकला, तर गार्लंडनं त्यावरचा हात काढलाच नाही.

सरकारी वकिलाचे प्रश्न संपल्यावर जजसाहेब म्हणाले, "मिस्टर कीपिंग, साक्षीदाराला काही विचारायचं आहे?"

"एकच." नेबथ उठला. टोपी दोन्ही हातांत. "गार्लंड, मी सिमिअन म्हणालो, तेव्हा तू मान डोलावलीस का?"

ट्रिफीना माझ्या शेजारी होती. तिचा श्वास थांबलेला मला कळला. गार्लंड पुस्तकाकडे बघत होता. कपाळावरून घाम निघून तारेच्या व्रणापर्यंत आला.

"डोलावली," तो म्हणाला. "मस्करीत. माझी चूक झाली, स्कीपर. डोलावली."

जजसाहेबांनी लेखणी थांबवली. "कशी? कोर्टाला दाखवा."

गार्लंडनं मान डोलावली. सरळ खाली, सरळ वर.

माणूस माणसाकडे इतकं सावकाश बघतो हे मला माहीत नव्हतं. नेबथनं बघितलं. त्या मोठ्या चेहऱ्यावरचं काहीतरी एकदा वर उचललं गेलं आणि परत जागेवर येऊन बसलं. मग तो म्हणाला, "उपकार झाले, गार्लंड," आणि बसला. बाक बोलला.

निकाल तासाभरात आला. गुन्हा कायम. कुणी मान डोलावली म्हणून जबडा मोडायचा हक्क मिळत नाही, जजसाहेब म्हणाले. पण मेलेल्या भावाचा स्वेटर घालून त्याच्या नावाला हो म्हणणं ही क्रूर मस्करी होती, आणि माणसाला एवढं डिवचलं असताना पंचाहत्तर डॉलर दंड न्याय्य होत नाही. दंड दहा डॉलर. बाकी पासष्ट परत.

नेबथ पुन्हा उठला. "जजसाहेब, पंचाहत्तरच राहू द्या."

"अपील तुम्हीच केलं आहे ना?"

"हो."

"दंड जास्त आहे म्हणून?"

"नाही साहेब. कमी तर नाही ना, ते बघायला."

कोर्टात कुणी हसलं नाही. जजसाहेबांनी रुमाल उचलला, नाक पुसलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मिस्टर कीपिंग, माझ्यासमोर जेवढं आलं तेवढ्याचाच दंड मला करता येतो."

पासष्ट डॉलर पाकिटात घालून कारकुनानं नेबथच्या हातात दिले. त्यानं ते पाकीट उघडलं नाही.

परतीच्या बोटीवर तो माझ्याजवळ येऊन बसला.

"एली, तू त्याला आधी सांगितलंस ना?"

"सांगितलं." खोटं बोलायला माझ्यात गार्लंडचं बळ नव्हतं.

"पुस्तकावर हात होता त्याचा. माझ्यासाठी केवढा घाबरला बिचारा."

"म्हणजे तुला..."

"समजायचं तेवढं समजलं." तो पाण्याकडे बघत होता. त्या भागात बोट खडकांच्या बरीच जवळून जाते. "ट्रिफीनाला काही बोलू नकोस. चांगला माणूस मिळालाय तिला."

पाकीट त्यानं घड्याळाच्या मागे ठेवून दिलं. युनिसकाकूंनी एकदा विचारलं, "त्या पैशांचं काय करणार रे?" तर म्हणाला, "ते माझे नाहीत. ज्याचे आहेत तो मागायला आला की देईन." काकू दिवसभर दुकानात कुणावर ओरडल्या नाहीत.

गार्लंड मात्र त्या दिवसापासून चर्चमध्ये एक ओळसुद्धा म्हणेना. पूर्वी खात्री नसलेल्या ओळी सोडायचा, आता सगळं स्तोत्र ओठ मिटून उभा. ट्रिफीना पुस्तक त्याच्यापुढे धरायची, तो त्याला बोट लावत नसे. दोन-तीन रविवार नेबथनं ते मागच्या बाकावरून पाहिलं. चौथ्या रविवारी तो उठून गार्लंडच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि दोघांच्या वाटचं एकटा म्हणू लागला. नेबथचा आवाज म्हणजे ओल्या फळीवर करवत. पाद्री दचकले, पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीनं कानातलं ऐकायचं यंत्र बंद करून ठेवलं. पण तो सगळी कडवी म्हणाला, आणि त्यापुढचे सगळे रविवार तिथेच उभा राहिला. पाऊस येवो बर्फ येवो. पुढे कधीतरी गार्लंडचे ओठ हलू लागले. आवाज येत होता की नाही ते नेबथच्या आवाजामुळे कुणालाच सांगता आलं नसतं.

पुन्हा नाताळ आला. आम्हा सगळ्यांना एकच घोर, नेबथकडे सोंग घेऊन जायचं की नाही. न जावं तर वाईट दिसतं, जावं तर जबड्याची काळजी. पहिल्या संध्याकाळी तिघं धीर करून गेली आणि परत येऊन सांगू लागली, तो नावंच घेत नाही! आता सोंगाला कुणी नाव घेतल्याशिवाय तोंडावरचं काढता येत नाही, आणि तोंडावरचं काढल्याशिवाय रम पिता येत नाही. तिघं अर्धा तास घामाघूम होऊन उभी होती. शेवटी त्यांनी स्वतःच फडकी काढली, नियम गेला खड्ड्यात.

"मग तो करतो तरी काय?"

"टकटक झाली की स्वतः दार उघडायला येतो. म्हणतो, 'आलास? ये, आत ये, गार पडलंय बाहेर.' आणि हात धरतो. दोन्ही हातांनी. आणि बराच वेळ सोडत नाही."

त्यांनी कुणी हात ओढून घेतला नव्हता. पुढेही नेबथनं धरलेला हात गावात कुणी आपणहून सोडवला नाही. लहानांना कुणी शिकवलं नाही, तरी त्यांनाही कळलं.

मी चार-पाच वर्षं टाळलं. पोस्टमास्तरानं सोंग घेऊ नये असं काहीतरी कारण सांगायचो. मग एका वर्षी नेबथ आजारी होता, छातीत पाणी झालं होतं. सहा जानेवारीच्या संध्याकाळी मी बायकोचा झगा घातला, तोंडावर जाळी बांधली आणि ज्या दारावर मी आयुष्यात कधी टकटक केली नव्हती तिथे टकटक केली.

त्याला यायला वेळ लागला. दार उघडून त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. ते हात आता हलके झाले होते.

"आलास? ये," तो म्हणाला. मला चुलीजवळ नेऊन बसवलं, हात तसाच धरून. मग अगदी हळू म्हणाला, "दाढ केव्हाच काढून टाकली मी. पुढच्या खेपेला हाक मार. येतो."

काय करायचं? गार्लंडला दोन अभ्र्यांखाली ऐकू आलं नव्हतं, मला लख्ख ऐकू आलं होतं. मी हनुवटी जराशी डावीकडे नेली आणि जमेल तशी मान डोलावली. बरं, असू दे.

नेबथ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर खाली गेली, आणि त्याच्या त्या मोठ्या, वाळलेल्या चेहऱ्यावर हसू आलं.

"एली," तो म्हणाला, "बूट तरी बदलून यायचंस."

पण हात त्यानं सोडला नाही.